प्लेट कुठे धुवायची

उकळतं पाणी मी ओतलं होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मी स्वतःला सांभाळून घेईन अशी मला भीती वाटते. गॅसवर पातेलं मी ठेवलं, त्यात दोन चमचे खायचा सोडा मी टाकला, आणि बायकोच्या दातांच्या पारदर्शक प्लेटवर ते पाणी मीच ओतलं. प्लेट वाकली. नंतर दवाखान्यात, ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना, मी डॉक्टरांना सांगितलं की ही जरा बेफिकीर आहे. पहिल्या चुकीला अडाणीपणा म्हणता येईल. दुसरीला काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे आणि ते बरं नाही.

बायको तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. शाळेत गणित शिकवते. तिचा वरचा डावा सुळा पुढे आलेला, आणि त्याच्या बाजूचा दात आत दबलेला. लग्न होऊन ती वर्ध्याकडून रायपूरला आली तेव्हापासून मी तिला हसताना तोंडावर हात धरतानाच पाहिलं. आधी पदर, पुढे ओढणी, शाळेत लागल्यावर हातात जे असेल ते, खडूचा डबासुद्धा. मला ते लाजणं वाटायचं. मला ते आवडायचं, हेही लिहिलं पाहिजे. एक बाई वीस वर्षं माझ्यासमोर स्वतःचं तोंड लपवत होती आणि मी त्याला तिचा लाजाळूपणा समजून मनातल्या मनात खूश होत होतो.

दात नीट करायचं तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात जाऊन आली आणि जेवताना म्हणाली, "मी दात सरळ करून घेऊन राहिली."

"या वयात?"

"मग कोणत्या वयात? आता दात माझे आहेत. पुढं कवळी येईन, ती सरळच येते."

आई खळखळून हसली. तिच्या तोंडात कवळीच होती.

तारा लावायच्या नव्हत्या. काचेसारख्या दिसणाऱ्या पातळ प्लास्टिकच्या प्लेटा, एक वरची, एक खालची, दातांवर टोपीसारख्या घट्ट बसतात. दर पंधरा दिवसांनी नवी जोडी, आणि प्रत्येक जोडी दातांना केसभर पुढे ढकलते. दिवसाचे बावीस तास तोंडात ठेवायच्या. त्या घातलेल्या असताना साध्या पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. जेवायला, चहाला काढायच्या, दात घासायचे, मऊ ब्रशनं प्लेट धुवायची, मग परत घालायची. हळदीचा आणि चहाचा रंग लगेच धरतात. रंगीत पेस्ट लावायची नाही. गरम पाणी तर अजिबात नाही, कारण गरम पाण्यानं आकार बिघडतो आणि एकदा बिघडला की ती प्लेट दात चुकीच्या जागी ढकलते. हे सगळं तिनं डायरीत लिहून घेतलं होतं, एकाखाली एक, आकडे घालून. डायरी फ्रिजवर असायची. मी ती वाचली नाही. दातांच्या गोष्टी, बाईमाणसाच्या गोष्टी, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

तिनं चहा सहा कपांवरून दोनवर आणला. शाळेत डब्याबरोबर ब्रश जाऊ लागला. चौथ्या जोडीपर्यंत सुळा दिसेल इतका आत सरकला होता, आणि एका संध्याकाळी टीव्ही पाहताना ती हसली तेव्हा तिचा हात मांडीवरच राहिला. मी ते पाहिलं. काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता आमच्या घराबद्दल. माझे वडील रेल्वेत होते, आणि त्यांच्या बदलीबरोबर आम्ही विदर्भातून इकडे आलो ते इथलेच झालो. रायपूर राजधानी झाली, मंत्रालय नवा रायपूरला गेलं, मी ऑफिसच्या बसनं रोज तिकडे जाऊ लागलो, भनपुरीच्या बाजूला फ्लॅट झाला, ओट्याखाली सरकणारे खण आले. उष्ट्याचा कायदा मात्र क्वार्टरमध्ये होता तसाच राहिला. तोंडाला लावलेला पेला माठात बुडवायचा नाही. जेवलेलं ताट ओट्यावर ठेवायचं नाही. खरकट्या हातानं डब्याला शिवायचं नाही. आई हे पाळते पण कुणाच्या मागे लागत नाही. मागे मी लागतो. वडील गेल्यावर कुणीतरी कडक असलं पाहिजे असं मी ठरवून टाकलं होतं, आणि ते काम मी फार मनापासून केलं.

एका सकाळी ओट्यावर, फिल्टरच्या नळाखाली, स्टीलची वाटी होती. वाटीत पाणी आणि पाण्यात ती प्लेट. आईनं आधी पाहिलं.

"हे काय ठेवलं इथं, बाई?"

"प्लेट आहे आई. भिजू घातली."

"तोंडातली?"

"हव."

"दात पण भिजू घालतेत आता, डाळीवानी," आई म्हणाली, आणि तिथंच तो विषय संपला होता. तो मी संपू दिला नाही. मी अंघोळ करून आलो होतो, बसची वेळ होत आली होती, आणि मला एकदम राग चढला.

"तोंडातलं काढून वाटीत ठेवते तू? त्या वाटीत आपण वरण खातो."

"ही वाटी वेगळी केली मी. खूण केली मागं."

"स्वयंपाकघरात उष्टं चालत नाही. बाथरूममध्ये धू."

ती ओट्याकडे पाहत होती. "इथं कोणाचंच उष्टं चालत नाही?"

"कोणाचंच नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन गेली.

त्याच आठवड्यात गोल बाजारातून मी तिच्यासाठी प्लास्टिकचा एक लाल मग आणला. दातांच्या प्लेटसाठी खास, असं सांगून दिला. भेट आणल्यासारखा दिला, ते आठवलं की मला स्वतःचे कान उपटावेसे वाटतात. शिवाय एक हुकूम काढला: जुन्या झालेल्या प्लेटा घरात साठवायच्या नाहीत, फेकायच्या. डॉक्टरांनी मागची एक जोडी जपून ठेवायला सांगितली होती. मी म्हटलं, उष्ट्याचं संग्रहालय करायचं आहे का. तिनं फेकल्या.

आमच्या इमारतीत बाथरूमला बोअरचं पाणी येतं. त्यात लोखंड इतकं की नवी बादली महिन्याभरात आतून तांबूस होते, टाइलवर रेघा उमटतात, पांढरा बनियन दोन धुण्यात कुणाचा तरी जुना वाटू लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये या पाण्यावरून मीच सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता. टाकी साफ करणाऱ्याशी मीच भांडलो होतो. पण तेच पाणी आणि ती प्लेट या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी आल्या नाहीत, कारण प्लेट पिवळी पडली तेव्हा मला कारण आधीच सापडलेलं होतं.

"चहा पिऊन राहिली तू. प्लेट घालूनच."

"नाही."

"मग ही पिवळी कशी झाली? हवेनं?"

"प्यायची असती तर तुमच्यासमोर प्यायली असती. मले कोणाची भीती आहे काय?"

ती रोज घासायची. बाथरूमच्या बेसिनपाशी उभी राहून, मऊ ब्रशनं, पाच पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी प्लेट पुन्हा तशीच. नवी जोडी आली, दहा दिवसांत तीही पिवळी. आणि मला रोज नवा पुरावा मिळाल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी बसमधून उतरून घरी आलो की आधी मी तिच्या तोंडाकडे बघायचो. तपासणी नाक्यावरच्या शिपायासारखा. मराठी मंडळाच्या तिळगुळाला, चार लोकांत, कुणीतरी तिचे दात छान दिसताहेत असं म्हणालं, तर मी मध्येच म्हटलं, "आमच्याकडे हळदीची प्लेट वेगळी अन् दाताची प्लेट वेगळी. रंग दोन्हीचा एकच." लोक हसले. तीही हसली. तोंडावर हात धरून. कित्येक आठवड्यांनी तो हात पुन्हा वर गेला, आणि तो मी वर नेला होता.

मग तो रविवार. खालच्या मजल्यावर एका घरी जेवणाचं बोलावणं होतं. माझं पोट ठीक नव्हतं म्हणून मी घरी राहिलो. तिनं सातव्या जोडीच्या दोन्ही प्लेटा लाल मगात भिजत ठेवल्या, अर्ध्या तासात येते म्हणाली. आई तिच्या खोलीत झोपलेली होती, निदान मला तसं वाटलं. मी बाथरूममध्ये गेलो आणि मगात डोकावलो. वरची प्लेट पुढून गढूळ पिवळी दिसत होती.

बसमध्ये फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता, सोड्यानं प्लास्टिकचे डाग निघतात म्हणून. त्यात साधं पाणी होतं. उकळतं पाणी माझं स्वतःचं. आमच्या घरात उकळत्या पाण्यानं शुद्ध होत नाही अशी वस्तू नव्हती. दुधाची बाटली, बाळंतिणीचे कपडे, ताकाची रवी, सगळं त्यातून जायचं. पण ते सुद्धा निमित्त. खरं असं की मला प्लेट साफ करायची नव्हती, मला बायकोला खोटं ठरवायचं होतं. ती येईल, मी लखलखीत प्लेट तिच्या हातावर ठेवीन आणि म्हणेन, पाहा, मनावर घेतलं की होतं. हे वाक्य मी पातेल्यासमोर उभं राहून तयार केलं होतं.

खालची प्लेट बाजूला काढली, आणि मगातल्या वरच्या प्लेटवर पाणी ओतलं. प्लेट जराशी हलली, जिवंत असल्यासारखी. दोन मिनिटांनी काढली तर पिवळेपणा कमी वाटला आणि तिच्यावर धुक्यासारखा एक पांढुरका पडदा आला होता. बोटांना मऊ लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि थोडंसं कळलंही. कारण तयार केलेलं ते वाक्य मी बोललो नाही. प्लेट थंड पाण्यातून काढली, मगात परत टाकली, पातेलं धुऊन जागेवर ठेवलं आणि पेपर घेऊन बसलो.

ती आली, दात घासले. बराच वेळ बाहेर आली नाही. मग दारात उभी राहिली.

"अहो, वरची बसून नाही राहिली."

आता. ती वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की मी गरम पाण्यात टाकली. माझ्या तोंडून निघालं ते हे: "काल-परवा घातलीच नसशीन. म्हणून बसत नसेल."

"मी घातली होती."

"मग दाब जोरात. बसेन."

तिनं दाबली. नऊ दिवस ती तोंडात ठेवली. मी म्हटलं होतं की ती घालत नाही, म्हणून तिनं ती एक तासही जास्त काढली नाही. गालाला आतून फोड आले. ती वरण-भात गार करून खायची आणि डाव्या बाजूनं चावायची नाही. शाळेत दिवसभर बोलावं लागतं. घरी आली की गप्प. मी समोर बसून भाकरी चावत होतो. मला ठाऊक होतं. नऊ दिवस, रोज दोन वेळा, मला ठाऊक असताना मी जेवलो. आज कुणी मला सांगितलं की अमुक माणसानं असं केलं, तर मी त्याच्या घरचं पाणी पिणार नाही.

दहाव्या दिवशी आम्ही समता कॉलनीत गेलो. डॉक्टर तरुण आहेत, तीस-बत्तिशीच्या, झपझप बोलणाऱ्या. त्यांनी प्लेट घातलेली पाहिली, काढली, दिव्यासमोर धरली.

"ये तो टेढ़ी हो गई है। गरम पानी में डाली थी क्या?"

"नहीं मैडम," बायको म्हणाली.

"ऐसे गरम पानी से ही होता है। और ये रंग? चाय?"

"नहीं। चाय निकालकर ही पीती हूँ।" मग ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात काही नव्हतं, अगदी सरळ आवाज होता. "इनसे पूछ लीजिए। ये घर पर ही थे।"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. नवरे लोक डॉक्टरांसमोर हसतात तसं, समजूतदार. "मैडम, ये थोड़ी लापरवाह है। मैं तो बोलता रहता हूँ।"

डॉक्टरांनी मान हलवली. पिछली जोड़ी है? नाही, फेकली. मग दात मागे सरकणार, नव्यानं माप घ्यावं लागणार, काही महिने वाया. त्या चिडल्या नव्हत्या, नाराज होत्या, मास्तरीण नाराज होते तशा. बायको स्वतः मास्तरीण. तिला तो सूर पुरेपूर कळला असणार. "देखिए, सँभाल नहीं पाएँगी तो यहीं रोक देते हैं। सोचकर बताइए," असं म्हणून त्यांनी कार्डावर काहीतरी लिहिलं. मी वाकून वाचलं. लापरवाही, असं लिहिलं होतं. माझा शब्द, त्यांच्या अक्षरात, तिच्या नावाखाली.

घरी जाताना स्कूटरवर ती माझ्या मागे बसली होती पण तिनं खांद्यावर हात ठेवला नाही, मागची दांडी धरली. घरी आल्यावर प्लेटांची डबी कपाटात ठेवली आणि म्हणाली, "बंद. नाही करत मी आता."

"अगं, एवढं—"

"सोचकर बताइए म्हटलं न त्यांनी. झालं माझं सोचून."

त्यानंतरचे तीन आठवडे घरात भांडण झालं नाही. तेच वाईट होतं. मी भांडण शोधत होतो. भाजीत मीठ, दूधवाला, सोसायटीची लिफ्ट, ऑफिसातली फाइल. जे समोर येईल त्यावर मी ओरडत होतो. बसमध्ये खिडकीवरून एका माणसाशी भांडलो. त्या दवाखान्याबद्दलही बडबडलो, यांना मोठमोठ्या वस्तू विकता येतात, नीट सांगता येत नाही म्हणून. बायको म्हणाली, "सांगितलं होतं. फ्रिजवर आहे." मी फ्रिजवरची डायरी घेतली. तिसरा आकडा: गरम पाणी नाही. खाली दोन रेघा मारलेल्या. आणि तिचा सुळा परत पुढे येऊ लागला होता. मला दिसत होता. तिला जिभेला लागत असणार. भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा तिचा हात वर जाऊ लागला.

ऑफिसला सुट्टी होती, शाळेला नव्हती, अशा एका दुपारी जेवण झाल्यावर आईनं मला हाक मारली. झाकणाचा स्टीलचा एक छोटा डबा तिच्या हातात होता.

"बाबू, यात फिल्टरचं पाणी घाल. आज तिची घाई झाली, भरलं नाही."

मी डबा नळाखाली धरला. आईनं तोंडातली कवळी काढली, त्यात टाकली आणि डबा ओट्यावर, फिल्टरच्या बाजूला, त्याच्या नेहमीच्या जागी ठेवला. दुपारी झोपताना तिची कवळी तिथंच असते. अकरा वर्षं तिथंच आहे. तो डबा रोज माझी बायको घासते आणि माझी बायको भरते. मी तो रोज पाहतो आणि मी तो एकदाही पाहिला नव्हता. आईच्या तोंडातलं उष्टं नाही, बायकोच्या तोंडातलं उष्टं. हा कायदा मी केला होता आणि मला तो करताना कळलाही नव्हता. कवळी पाण्यात पांढरीशुभ्र होती.

आईचं दातांशिवायचं बोलणं फुसफुसतं येतं, पण मला एक एक अक्षर कळलं.

"तिची पण इथंच भिजली असती तर नसती पिवळी पडली."

मी फिल्टरचा नळ पुन्हा घट्ट केला.

"अन् तू उकळली नसती तर नसती वाकली."

"कोणी सांगितलं तुले?"

"सांगते कोण? मी जागी होती. पातेलं घेऊन जाताना पाहिलं न तुले."

मला इतका राग आला की डोळ्यांसमोर ओटा हलला. "मग तू काहून नाही बोलली?"

"तू काहून नाही बोलला?"

"मी—"

"मी वाट पाहून राहिली. म्हटलं पोट्टा आहे आपला, बोलेन. आज बोलेन, उद्या बोलेन. महिना झाला." तिनं पदरानं ओठ पुसले. "अन् हे उष्ट्याचं तू माझ्या नावानं केलं. मले विचारलं होतं काय? ती पोट्टी माझं तोंडातलं रोज धुते, तिनं एक दिवस नाक नाही मुरडलं. मले लाज वाटते तिच्या हातून पाणी घ्याले आता."

ती झोपायला गेली. मी बाथरूममध्ये जाऊन लाल मग पालथा केला. तळाला तांबूस-पिवळा थर होता, नखानं खरवडला तर निघत नव्हता. प्लेटवर होता तोच रंग. रागवायला मी आजूबाजूला माणूस शोधला, सवयीनं, आणि तिथं आरसा होता आणि मी होतो. इतकी वर्षं दुसऱ्यांवर उधळलेला सगळा राग त्या दुपारी माझ्यावर आला, आणि तो आला हे बरंच झालं. मी मग फोडला. त्यानं काही झालं नाही, तुकडे मलाच उचलावे लागले.

बायको शाळेतून आली. तिनं चप्पल काढायच्या आधी मी सांगितलं. उभ्या उभ्या, भराभर. पाणी मी ओतलं, सोडा मी टाकला, पिवळी बोअरच्या पाण्यानं झाली, तू खरं बोलत होती.

तिनं पर्स खुर्चीवर ठेवली. "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मगाच्या काठाले सोड्याची रेघ होती. पातेलं ओलं होतं. घरात तुम्ही अन् आई. आईनं गॅस पेटवणं बंद केलं दोन वर्षांपासून." ती खुर्चीत बसली. "गणित शिकवते मी."

"मग त्या दिवशीच काहून नाही म्हटलं?"

"म्हटलं न. मॅडमले म्हटलं, यांना विचारा. तुमच्यासाठीच म्हटलं होतं ते. म्हटलं घरी नाही जमलं, तिथं तरी बोलतीन. तुम्ही मलेच लापरवाह करून मोकळे झाले."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि माफी मागायला लागलो. तिनं मला पूर्ण वाक्य बोलू दिलं नाही.

"मले इथं सांगून काय होते? चार भिंतीत मी आधीपासूनच खरी आहे. तिथं त्या कार्डावर लिहिलं आहे माझ्या नावाखाली. ज्यांच्यासमोर लिहायले लावलं, त्यांच्यासमोर सांगा."

"मी फोन करतो त्यांना."

"फोन नाही."

"मग चिठ्ठी—"

"तुम्ही त्या दिवशी चिठ्ठी लिहून म्हटलं होतं काय?"

"आणि त्यांनी ऐकलं तर तू परत सुरू करशीन?"

"ते मी तिथं ठरवीन. तुमच्याशी सौदा नाही करत."

शनिवारी आम्ही गेलो. मी रस्ताभर मनात हिंदी वाक्यं जुळवत होतो आणि ती प्रत्येक सिग्नलला मोडत होती. मला वाटलं होतं आत, खोलीत, दार लावून सांगता येईल. पण डॉक्टर बाहेर काउंटरपाशीच उभ्या होत्या, कुणाचातरी एक्सरे बघत. बाकावर कॉलेजच्या दोन मुली, एक बाई आणि तिचा नवरा. बायको बाकाच्या टोकाला बसली, पर्स मांडीवर घेऊन, आणि माझ्याकडे पाहू लागली. ती मला मदत करणार नव्हती. मला वाटलं, थोडं थांबू, या मुली आत जातील. मग मला नऊ दिवसांचं माझं जेवण आठवलं आणि मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"मैडम, एक मिनट। इनकी प्लेट गरम पानी में मैंने डाली थी। उबलते पानी में। ये घर पर नहीं थीं, इनको पता भी नहीं था। पीली भी मेरी वजह से हुई। किचन में धोने नहीं दी मैंने, बोर के पानी में धुलवाई। पुरानी जोड़ी भी मैंने फिंकवाई। और उस दिन आपके सामने इनको लापरवाह बोला, वो झूठ था। मुझे मालूम था कि झूठ है। कार्ड पर जो लिखा है, वो काट दीजिए।"

बाकावरचा नवरा माझ्याकडे बघत होता. डॉक्टरांनी एक्सरे खाली ठेवला, काउंटरवरच्या मुलीकडून कार्ड मागून घेतलं, आणि पेन शोधू लागल्या. मी बायकोकडे वळलो. एवढ्यानं भागणार नव्हतं. डॉक्टरांना जे सांगितलं ती फक्त हकीकत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, आणि आवाज खाली न करता म्हणालो, "मी घाबरलो, म्हणून तुले खोटं पाडलं. तुले दुखून राहिलं हे माहीत असून गप्प बसलो. माझं चुकलं. मले माफ कर."